टर्बो गाडीचा निळा धूर आणि ऑइलची परतवाट: टर्बो उतरवण्याआधी काय तपासावे

बेळगाव परिसरातील गॅरेजात एखादी टर्बो डिझेल गाडी निळा धूर मारत आली की बॉनेट उघडण्यापूर्वीच निदान झालेले असते. खानापूरकडचे मराठी गिऱ्हाईक सांगते, "टर्बोचे सील गेले." गोकाक-बैलहोंगलकडचे कन्नड गिऱ्हाईक तेच आपल्या भाषेत सांगते, "होगी बर्तद री, टर्बो होग्याद." (धूर येतोय, टर्बो गेलाय.) मग टर्बो उतरतो, नवा किंवा दुरुस्त केलेला टर्बो बसतो, बिल चुकते होते आणि महिन्याभरात तोच धूर पुन्हा सायलेन्सरमधून निघू लागतो. असे होण्याचे कारण साधे आहे. टर्बोत ऑइल येते ते पंपाच्या दाबाने, पण तिथून परत जाते ते केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरून. ही परतीची वाट अडली असेल, तर कितीही चांगला टर्बो बसवला तरी तो गळणारच. म्हणून पुढे तपासणीचा जो क्रम दिला आहे, त्यात टर्बोवर हात पडतो तो सर्वांत शेवटी.

टर्बोची रचना डोळ्यांसमोर असल्याशिवाय हा क्रम पटणार नाही, म्हणून ती थोडक्यात पाहू. एका शाफ्टच्या एका टोकाला टर्बाइनचे चाक असते, ते एक्झॉस्टच्या गरम वायूने फिरते. दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चाक असते, ते एअर फिल्टरमधून आलेली हवा दाबून इंटरकूलरकडे, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, पाठवते. लहान गाड्यांत हा शाफ्ट पूर्ण भारावर मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जाऊ शकतो. बहुतेक गाड्यांत तो बेअरिंगच्या धातूला न टेकता ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल वरून आत येते त्या पाइपचे भोक जेमतेम काही मिलिमीटरचे असते आणि खालून परत जाते तो पाइप मात्र अंगठ्याएवढा जाड असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा फरक विचित्र वाटतो. पण बेअरिंगमधून बाहेर पडताना ऑइलचा दाब संपलेला असतो आणि शाफ्टने घुसळून त्याचा फेस झालेला असतो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळू लागला की फेस कसा काठावर येतो आणि तो आवरायला किती जागा लागते, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. ऑइलचा हा फेस खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरायलाही तशीच मोकळी, रुंद आणि सतत उताराची वाट लागते.

आता सीलबद्दल. ज्याला आपण टर्बोचे सील म्हणतो ते रबराचे नसते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारखी एक बारीक धातूची रिंग असते आणि तिचे मुख्य काम वायूचा दाब मधल्या भागात जाऊ न देणे हे असते. चाकांच्या बाजूला दाब जास्त आणि मधल्या भागात दाब कमी, या फरकावरच ऑइल आत टिकून राहते. मधला भाग ऑइलने तुडुंब भरला किंवा बाहेरचा दाब घटला, तर ते रिंगच्या फटीतून सरळ एक्झॉस्टमध्ये किंवा हवेच्या पाइपमध्ये उतरते. रिंग नवी असली तरी यात फरक पडत नाही. म्हणून सील गेले असे म्हणण्यापूर्वी ते ऑइल खाली का उतरले नाही, हा प्रश्न विचारायचा.

धूर कोणता आणि कधी

धुराचा रंग पाहण्याआधी तो केव्हा येतो हे मालकाला नीट विचारावे, कारण रंगापेक्षा वेळ अधिक बोलते. शक्य असल्यास गाडी मालकालाच चालवायला सांगून स्वतः मागच्या गाडीत बसावे.

काळ्या धुराला या लेखात फार जागा नाही. वंटमुरी घाट चढताना गाडी काळा धूर टाकते आणि पिकअप कमी झालेला असतो, तेव्हा हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. चोंदलेले एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटलेला होज, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) किंवा खराब इंजेक्टर यांपैकी काहीतरी सापडते. होज फाटलेला असेल तर त्या जागी तेलकट धूळ चिकटलेली दिसते आणि इंजिन रेस करताना फुसफुस ऐकू येते. अनेकदा ही चीर होजच्या खालच्या अंगाला, क्लिपजवळ असते आणि वरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

पांढऱ्या धुराच्या बाबतीत आधी वाफ आणि धूर वेगळे करावे लागतात. डिसेंबरातल्या बेळगावच्या थंड सकाळी किंवा पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या दमट हवेत सायलेन्सरमधून निघणारी आणि हातभर अंतरावर विरून जाणारी पांढरी वाफ हा दोष नाही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंटची पातळी घटत असली, तर हेड गॅस्केट किंवा ईजीआर कूलर तपासावा. डोळ्यांत झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर इंजेक्टर किंवा ग्लो प्लगकडे बोट दाखवतो. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी: गरम एक्झॉस्टमध्ये थेट गळलेले ऑइल पुरते जळत नाही, त्याची वाफ होते आणि ती निळ्यापेक्षा पांढरट राखाडी दिसते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाड्यांत, म्हणजे साधारण एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत, हे विशेष जाणवते. अशा वेळी डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवावा. जळक्या ऑइलचा कडवट, कढईत तेल करपल्यासारखा वास लपत नाही.

निळ्या धुराच्या वेळा अशा वाचाव्यात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा झोत येतो आणि मिनिटाभरात धूर साफ होतो, तेव्हा संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे हेडमधले ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणाऱ्या सीलवर, घ्यावा. भार वाढेल तसा धूर वाढतो, घाटात सतत येतो आणि ऑइल भरायच्या तोंडातूनही वाफ मारते, तर पिस्टन रिंग झिजल्या असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडचे मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. गाडी बराच वेळ स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू ठेवून, उभी असते, तोवर काही दिसत नाही आणि पुढे निघताना रेस देताच मागच्याला रस्ता दिसेनासा होतो, तेव्हा टर्बोच्या परतवाटेचा विचार आधी करावा. टिळकवाडीतल्या रेल्वे फाटकावर किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवून उभे राहिल्यावर असा धूर काढणाऱ्या गाड्या आमच्याकडे वारंवार येतात. स्लोवर दोन्ही चाकांकडचा दाब अगदी कमी असतो, त्यामुळे न उतरलेले ऑइल त्या काळात हळूहळू पाझरून साठते आणि रेस दिली की एकदम जळते.

चोर्ला घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला आणि खाली पोहोचून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा ढग आला, तर पेट्रोल गाडीत ते बहुधा व्हॉल्व्ह सीलचे लक्षण असते, कारण त्या वेळी हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होऊन ऑइल सिलिंडरमध्ये खेचले जाते. डिझेलमध्ये तसा व्हॅक्यूम फारसा होत नाही. तिथे याच लक्षणासाठी टर्बो आणि त्याचा ड्रेन, म्हणजे ऑइलचा परतीचा पाइप, पाहावा. पेट्रोलसाठी ऐकलेला नियम डिझेलला लावून हेड उघडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

हत्यार उचलण्याआधी

पहिले काम ऑइलची पट्टी. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून पट्टी पाहावी. आपल्याकडे पातळी कमी असण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्रास जास्त ऑइलचा होतो. "चार लिटरचा डबा आणलाय, उरलेले कुठे ठेवता, ओता सगळे" हा हिशेब अनेक गाड्यांना नडला आहे. चेंबरमधली पातळी वर गेली की परतीच्या पाइपचे खालचे तोंड ऑइलमध्ये बुडू शकते आणि क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून आणखी फेस करतो. पट्टीवरचे ऑइल पातळ वाटले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर मामला वेगळा आहे: डीपीएफ साफ होण्यासाठी सोडलेले जादा डिझेल शहरातल्या शहरात, कॅम्पातून शहापुरापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत पुरते जळत नाही आणि ऑइलमध्ये उतरते. तेव्हा ऑइल बदलावे आणि डीपीएफची प्रक्रिया अर्धवट का राहते ते शोधावे.

दुसरे काम एअर फिल्टर. उसाच्या आणि विटांच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचे फिल्टर पुस्तिकेतल्या अंतराच्या कितीतरी आधी चोंदते. फिल्टर बंद झाले की कॉम्प्रेसरच्या चाकामागे ओढ निर्माण होते आणि ती मधल्या भागातले ऑइल हवेच्या बाजूला खेचते. खानापूरच्या जंगल भागातल्या गाड्यांत फिल्टरच्या डब्यात उंदरांनी रचलेला कापूस आणि पालापाचोळाही निघतो. थोडक्या पैशांच्या फिल्टरने टर्बोचा धूर थांबलेला पाहिला, की मालकाचा आपल्यावर विश्वास बसायला वेळ लागतो, पण एकदा बसला की टिकतो.

ऑइल कुठून येते

आता होज उघडावेत, पण इंजिन पूर्ण बंद आणि थंड असताना. इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसरचे तोंड उघडे सोडणे धोक्याचे आहे. ते चाक चिंधी, क्लिप आणि बोटेही आत ओढू शकते.

पहिली खूण हवेच्या बाजूची. एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणाऱ्या पाइपमध्ये ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणारी, नळी जिथे मिळते, तिथून पुढे कॉम्प्रेसरपर्यंतची जागा पाहावी. टर्बोच्या आधीच ऑइलचे ओघळ असतील, तर ते ब्रीदरमधून आले आहे, म्हणजे दोष इंजिनच्या पोटातल्या दाबाचा किंवा ऑइल सेपरेटरचा (त्या वायूतले ऑइल वेगळे करणाऱ्या भागाचा) आहे. आधीचा पाइप कोरडा आणि नंतरचा ओला असेल, तरच टर्बोचे नाव घ्यावे. इंटरकूलरच्या होजमध्ये बोटाला तेलकट लागणे स्वाभाविक आहे. होज खाली धरल्यावर धार लागणे मात्र नाही.

दुसरी खूण एक्झॉस्टच्या बाजूची. टर्बाइनच्या पुढचा पाइप सोडून तिथले तोंड टॉर्चने पाहावे. ते ओले, चकाकणारे असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे टर्बोच्या आधीचा भागही उघडून पाहावा. मॅनिफोल्ड कोरड्या काजळीचे आणि टर्बाइनचे तोंड ओले, तर ऑइल टर्बोतून आले. मॅनिफोल्डच ओले असेल तर ते सिलिंडरमधून आले आहे आणि टर्बो बिचारा मधल्या मध्ये बदनाम होतो आहे. गंजलेले नट सोडावे लागत असल्याने ही तपासणी कुणी करत नाही. माझ्या मते निळ्या धुराच्या निदानात हिच्याइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही, म्हणून नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून का होईना, ही करावीच.

इथे एक इशारा. डिझेल गाडीच्या इंटरकूलरमध्ये बरेच ऑइल साठले असेल, तर ते एकदम इंजिनात खेचले जाऊन इंजिन त्या ऑइलवरच बेफाम पळू शकते. अशा वेळी चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, कारण त्याला डिझेलची गरज उरलेली नसते. गाडी हाताच्या गिअरची असल्यास ब्रेक पूर्ण दाबून धरावा, सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवून बंद पाडावे. ते जमले नाही तर बॉनेटजवळ न जाता दूर व्हावे आणि लोकांना दूर करावे. हवेच्या तोंडावर हात किंवा कापड कधीही धरू नये. आणि इंटरकूलर उतरवून रिकामा केल्याशिवाय अशी गाडी पुन्हा सुरू करू नये.

परतीचा पाइप

परतीचा पाइप टर्बोच्या बुडातून निघतो आणि ब्लॉकच्या कुशीत किंवा चेंबरच्या वरच्या भागात उतरतो. त्याची दिशा शक्य तितकी उभी असावी. टर्बोचे ड्रेनचे तोंड उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशांपेक्षा जास्त कललेले नसावे, असे धरून चालावे. वाटेत कुठेही पोट किंवा चढ नको. टर्बोची कोअर (शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग) बदलून आणली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंची कवचे पूर्वीच्याच कोनात बसली आहेत का ते मुद्दाम पाहावे, कारण कोअर थोडी फिरवून बसवली गेली की ड्रेनचे तोंड तिरके होते आणि बाकी सगळे नवे असूनही धूर येतो. चेंबरला खालून दगड लागून ठेच बसली असेल तरी हा पाइप चेपलेला असू शकतो. चोर्ल्याच्या रस्त्याने नेहमी जाणाऱ्या गाड्यांना ही शक्यता सोडू नये.

पाइप बाहेरून पाहून काहीच कळत नाही. तो उतरवावा, उजेडासमोर धरावा आणि आरपार पाहावे. दोन वर्षांपूर्वी निपाणीकडून केए-२३ पासिंगची एक डिझेल हॅचबॅक आली होती. दुसऱ्या एका गॅरेजात तिचा टर्बो दोनदा बदलला गेला होता आणि तवंदी घाट चढून आली की ती पूर्ववत धूर मारत होती. टर्बोच्या शाफ्टचा खेळ, म्हणजे हलण्याइतकी ढिलाई, बरोबर होता, ब्रीदर मोकळा होता, पट्टी ठीक होती. परतीच्या पाइपचा रबरी भाग मात्र नवाकोरा, काळा चकचकीत आणि बोटाला अंमळ मऊ लागला. तो ब्लेडने उभा चिरला तेव्हा आतले रबर ओल्या पावासारखे फुगलेले दिसले. जिथे अंगठा जायला हवा होता तिथून पेन्सिलही जाईना. पहिला टर्बो बदलताना मूळ होज तुटला असावा आणि त्याच मापाचा रेडिएटरच्या पाण्याच्या होजचा तुकडा तिथे बसवला गेला होता. पाण्याचे होज ज्या रबराचे असतात ते ऑइलमध्ये फुगते. उष्णता आणि ऑइल दोन्ही सोसणारे रबर वेगळे असते. शंभर-दोनशे रुपयांच्या त्या तुकड्याने दोन टर्बो खाल्ले होते. मालकाने तो चिरलेला होज मागून घेतला आणि डिकीत ठेवला. तो कुणाला दाखवायला नेला, हे मी विचारले नाही.

पाइप धातूचा असेल तर आत कोळसा धरलेला असतो, विशेषतः एक्झॉस्टला लागून जाणाऱ्या वाकणात. तार घालून खरवडण्यापेक्षा असा पाइप बदललेला बरा, कारण सुटलेले कण चेंबरमध्ये पडतात. नवा पाइप मिळत नसेल आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर फ्लँज (पाइपच्या टोकाची जोडचकती) करून घ्यायची वेळ आली, तर आतला व्यास मूळ मापापेक्षा कणभरही कमी होऊ देऊ नये आणि वेल्डिंगचा आत आलेला थेंब घासून काढावा. उद्यमबागेतले कारागीर काम चोख करतात, पण हा पाइप दाबाचा नसून ओघाचा आहे हे त्यांना आधी सांगावे लागते. पाइपच्या दोन्ही टोकांची गॅस्केट मूळ मापाचीच असावी, कारण भोक लहान असलेले गॅस्केट वाट अर्धी करून टाकते. सिलिकॉनची ट्यूब तर या जोडावर वापरूच नये. दोन पत्रे आवळले की बाहेर जेवढे सिलिकॉन दिसते तेवढेच आतही आलेले असते, मग ते सुटून लोंबते आणि वाट झाकते. ही चूक सुरुवातीच्या काळात माझ्या हातूनही झाली आहे. तिसऱ्या दिवशी गाडी परत आली, तेव्हा ड्रेनच्या तोंडाशी लाल जिभेसारखे लोंबणारे सिलिकॉन मीच काढले. शेवटी ब्लॉकमधले पाइपचे भोकही गाळाने बुजलेले नाही ना, ते बोट घालून पाहावे.

एवढे करूनही संशय फिटला नाही तर एक चाचणी उरते. ती लिफ्टवर, अग्निशामक जवळ ठेवून आणि पाइपला हात पोहोचेल अशाच गाडीवर करावी. पाइपचे खालचे टोक ब्लॉकपासून सोडावे, ब्लॉकचे भोक घट्ट बूच लावून बंद करावे आणि पाइपला ऑइल सोसणारी जाड नळी जोडून ती सरळ खाली स्वच्छ डब्यात सोडावी. इंजिन आधी गरम केलेले असावे. मग ते दोन-तीन मिनिटे स्लोवर चालवून डब्यात फेसाळ ऑइल सलग उतरते आहे का ते पाहावे आणि डब्यात साठेल तेवढे ऑइल इंजिनमधून कमी होते आहे हे विसरू नये. वर ऑइल येत असून डब्यात थेंबथेंबच पडत असेल तर अडथळा टर्बोच्या पोटात किंवा पाइपमध्येच आहे. सलग उतरत असेल आणि काही वेळाने धूर ओसरत असेल, तर पाइपच्या खालच्या बाजूला, म्हणजे ब्लॉकच्या भोकात किंवा इंजिनच्या पोटातल्या दाबात दोष आहे. ऑइल सलग उतरूनही धूर तसाच राहिला, तर टर्बोच्या रिंग आणि बेअरिंगवर येण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

इंजिनच्या पोटातला दाब

परतीचा पाइप कितीही मोकळा असला तरी खाली चेंबरमध्येच दाब साचला असेल तर ऑइल उतरणार कसे? रिंगमधून खाली निसटणारा वायू ब्रीदरने बाहेर काढायचा असतो. ब्रीदरची नळी, त्यातला पडदा किंवा सेपरेटर चिखलासारख्या गाळाने बंद झाला, की तोच वायू टर्बोच्या ड्रेनमधून वर येऊ पाहतो.

झटपट अंदाजासाठी इंजिन स्लोवर असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून भोकावर नुसते उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर चालेल. उडू लागले तर नाही. नेमके पाहायचे असेल तर पट्टीच्या नळीला पारदर्शक प्लास्टिक नळी घट्ट जोडावी, ती हातभर उंच यू आकारात बांधून अर्धी रंगीत पाण्याने भरावी आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक मोजपट्टीने मोजावा. नळी आखूड ठेवली तर पाणी इंजिनात खेचले जाईल, म्हणून उंचीत कंजुषी करू नये. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली मर्यादा प्रमाण मानावी. गरम इंजिनला स्लोवर एक-दोन सेंटीमीटरचा फरक मी काळजीचा मानत नाही, पण रेस देताच पाणी वीतभर चढले तर दोष सापडला असे समजावे. मग ब्रीदरची नळी हवेच्या पाइपपासून सोडून बाटलीत मोकळी धरावी. दाब तरीही उतरला नाही तर नळी किंवा सेपरेटर आतून बंद आहे. दाब उतरला, पण नळीतून बंबासारखा धूर निघू लागला, तर रिंगचे काम आले आहे आणि टर्बोवर खर्च करण्यात अर्थ नाही.

शाफ्टचा खेळ आणि नवा टर्बो

कॉम्प्रेसरच्या चाकाचा मधला नट दोन बोटांत धरून वर-खाली हलवावा. ऑइलवर तरंगणाऱ्या शाफ्टला थंड असताना थोडा खेळ असतोच. त्यावरून टर्बो गेला म्हणू नये. चाकाची पाती कवचाला घासत असतील किंवा त्यांच्या कडांवर चमक आली असेल, तर तो गेला. आत-बाहेरचा खेळ मात्र हाताला जवळपास जाणवूच नये. तो जाणवला तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारे) झिजले आहे आणि याचे मूळ बहुधा घाण किंवा अपुऱ्या ऑइलमध्ये असते. म्हणून टर्बो बदलताना वरून येणारा बारीक पाइपही बदलावा, त्याच्या बॅन्जो बोल्टमध्ये (ऑइल जाण्यासाठी आतून पोकळ बोल्टमध्ये) जाळी असल्यास ती साफ किंवा नवी करावी आणि तांब्याचे वॉशर जुने वापरू नयेत.

नवा टर्बो बसवताना ऑइलच्या भोकातून थोडे स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवावे. इंजिन सुरू न होऊ देता पंधरा-वीस सेकंद स्टार्टर मारून ऑइलचा दाब वर पोहोचवावा आणि मग पाच मिनिटे स्लोवर ठेवून जोड पाहावेत. या पाच मिनिटांत रेस देणाऱ्या हौशी मालकाला शेजारच्या टपरीवर चहाला पाठवलेले उत्तम.

काम झाल्यावर धूर लगेच थांबेल असे मालकाला सांगू नये. सायलेन्सरमध्ये पाव-अर्धा लिटर ऑइल बसलेले असेल तर ते जळून जायला दोन-तीन दिवसांची धाव लागते, आणि इंटरकूलर धुतला नसेल तर आणखी. आम्ही गाडी देताना पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवतो आणि ५०० किलोमीटरनंतर त्याच जागेवर, त्याच पद्धतीने पट्टी पाहतो. बहुतेक लहान गाड्यांत पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचे अंतर असते, त्यावरून किती ऑइल गेले याचा हिशेब लागतो. पातळी हललेली नसेल आणि धूर विरत गेला असेल, तर सकाळी बंपरवर दिसणारा काळा तेलकट डाग फडक्याने पुसून टाकावा आणि आठवड्याने तो पुन्हा उमटला आहे का, तेवढे पाहावे.